लाकडाचं टोक

आमच्या वसतिगृहात मुलींची तपासणी करायला डॉक्टरीणबाई येतात, तेव्हा मुली आटोपल्या की स्वयंपाकघरातल्या आम्हा बायांनाही त्या वजनकाट्यावर उभं करतात. माझी पाळी आली की काट्याकडे बघून मान हलवतात. भात कमी करा, तेल कमी करा, गुडघे कसे टिकतील, असं सगळं बोलतात. मी ‘होय बाई, होय बाई’ म्हणते आणि चेहरा पाडून खाली उतरते. पण आत मला काय वाटतं ते त्यांना सांगितलं तर त्या मला वेड्यात काढतील. आत मला वाटतं, हा काटा आत्ता निरूने बघायला पाहिजे होता. सबंध आयुष्यात मी एकाच बाईवर जळले, आणि तेही तिच्या रूपावर नाही, नवऱ्यावर नाही, सोन्यानाण्यावर नाही. तिच्या वजनावर.

मी राजुऱ्याकडची. आमच्या गावाशेजारी कोळशाची खाण. सकाळी वाळत घातलेलं पांढरं लुगडं संध्याकाळी राखाडी होऊन हातात यायचं, कापूस वेचताना बोंडावरही काळी पूड बसलेली असायची. गावची शाळा सातवीला संपली, तशी माझीही संपली. पुढची शाळा लांब होती आणि घरात माझ्यामागे बहिणींची रांग होती. आईची थोरली बहीण, शेवंतामावशी, धानोऱ्याच्या आत जंगलातल्या एका गावात दिलेली. तिला मूलबाळ नव्हतं. एकदा आमच्याकडे आली आणि जाताना आईला म्हणाली, ‘‘ही काडी मले दे. माह्या हाताखाली राहीन, पोटभर खाईन.’’ आईने हो म्हटलं. इतक्या लवकर म्हटलं की मला ते ‘हो’ अजून ऐकू येतं. मी आईला दोष देत नाही. तिच्या जागी मीही तेच म्हटलं असतं. पण जिला एकदा इतक्या सहज देऊन टाकलं, तिला पुढे कुठेही राहताना सारखं वाटत राहतं की इथूनही कुणीतरी तसंच सहज देऊन टाकेल. साताऱ्यात इतकी वर्षं काढली, तरी वसतिगृहाच्या अधीक्षकबाईंनी नुसतं ‘जरा ऑफिसात या’ म्हटलं की मी मनातल्या मनात कपड्यांची पिशवी भरायला लागते. बहुतेक वेळा त्यांना डाळ निवडली का एवढंच विचारायचं असतं.

मावशीच्या घरी मातीच्या भिंती, वर कवेलूंचं छप्पर, अंगणाला बांबूचं कुंपण. मावसाजी बोलायचे कमी, खोकायचे जास्त. आतल्या भिंतीवर बुद्धाचा फोटो, आणि त्यापुढे संध्याकाळी पणती. ती पणती टोरीच्या तेलाची. मोहाच्या बीला आमच्याकडे टोरी म्हणतात. मोहफुलाचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं, त्याची दारू निघते म्हणून. फुलं सरल्यावर त्याच झाडाला हिरवी फळं धरतात, त्या फळातल्या बीचं तेल निघतं, हे इकडे कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. मावशीच्या घरात दुसरं तेल नव्हतंच. लाखोळीच्या डाळीला फोडणी त्याची, अंबाडीच्या भाजीवर कच्ची धार त्याची, पावसाळ्यात वारुळाच्या अंगाला सात्या, म्हणजे रानातली अळंबी, फुटल्या की त्या त्याच तेलात चरचरायच्या. तव्यावर तांदळाच्या पिठाचे आयते घालायचे तर आधी कांद्याची फोड त्या तेलात बुडवून तव्यावर फिरवायची. डोक्याला तेच, भेगाळलेल्या टाचांना तेच. पहिल्यांदा मी ते खाल्लं तेव्हा घशाच्या मागे किंचित कडू लागलं. मावशीने माझ्या तोंडाकडे बघितलं. मी घाबरून म्हणाले, ‘‘गोड आहे.’’ ती हसली. ‘‘गोड नाई व, कडूच आहे. पण होते सवय.’’ त्या दिवसापासून मी पोटभर जेवू लागले, आणि पोटभर जेवले की भीती वाटायची, फार खाते म्हणून परत तर पाठवणार नाहीत?

मग निरू आली. मावसाजींच्या धाकट्या भावाची पोरगी, गोंडपिपरीकडची. आई वारलेली, बापाने दुसरं लग्न केलेलं. नव्या आईशी तिचं जमेना म्हणून मावसाजींनी तिला आणलं. बैलगाडीतून उतरताना तिने चाकावर पाय ठेवला आणि गाडी एका अंगाला कलली, ते पाहून तीच सगळ्यांआधी खळखळून हसली. माझ्याच वयाची, पण अंगाने माझ्या दुप्पट. गोल दंड, गोल गाल, पायाखाली जमीन वाजेल अशी चाल. मावशीने तिला ताट वाढलं. निरूने भात घेतला, पुन्हा घेतला, आणि न लाजता म्हणाली, ‘‘मोठीआई, अजून थोडा वाढ ना व. वाटेत काहीच नाई खाल्लं.’’ आणि मावशी, जी दिवसभरात क्वचित हसायची, ती चक्क तोंडाला पदर लावून हसली. मी चुलीपाशी बसून पाहत होते. मला वाटलं, संपलं. या घरात एका पोरीची जागा आहे, आणि ती जागा भरणारी आली.

तेव्हापासून माझे डोळे तिच्यावरून हलेनात. मावशी तिच्या डोक्याला तेल लावायला बसली की किती वेळ लावते ते मी बघायचे. निरूचे केस दाट, तेल जास्त लागायचं, वेळ जास्त लागायचा. माझी शेंडी दोन बोटांत मावायची. भाकरीचा पहिला पापुद्रा कुणाला, काटवलाच्या भाजीतला खरपूस तुकडा कुणाला, माझ्या डोळ्यातून काही सुटायचं नाही. निरूच्या ते गावीही नव्हतं. तिला झोप प्रिय होती. टोरी वेचायला पहाटे निघावं लागायचं, आणि तिला उठवता उठवता मावशीचा घसा बसायचा. रात्रभर वटवाघळं मोहाच्या झाडाला लोंबकळून फळं खायची आणि बिया खाली टाकायची. उजाडताना झाडाखाली गेलं की तपकिरी, चकचकीत बिया नुसत्या अंथरल्यासारख्या. गुरं आणि डुकरं येण्याआधी त्या उचलायच्या. मी वाकून भराभर टोपली भरायचे. निरू फतकल मारून एका जागी बसायची आणि हाताच्या टप्प्यातलं तेवढं वेचायची. माझी टोपली आधी भरायची. मावशी दोन्ही टोपल्या एकाच ढिगात ओतायची. कुणाची केवढी, ती बघतच नसे. मला ते फार लागायचं.

बिया घरी आणल्या की दगडावर ठेवून वरून लाकडी ठोकळ्याने टरफल फोडायचं, आतला गर उन्हात वाळवायचा, मग उखळात कांडायचा. या सगळ्यात मी निरूपेक्षा सरस होते. हे मी उगीच म्हणत नाही, सोमीबाई म्हणायची. सोमीबाई शेजारची गोंडीण, मावशीपेक्षा मोठी. तेल काढणं मावशी तिच्याकडूनच शिकली. तिच्या अंगणात ते लाकूड होतं. साजाच्या झाडाचे दोन लांब, जाड ओंडके. खालचा जमिनीवर पक्का बसवलेला, त्याला तेल वाहायला कोरलेली पन्हळ. वरच्याचं एक टोक चिंचेच्या बुंध्याच्या खोबणीत अडकवलेलं, दुसरं मोकळं. कांडलेला भुगा वाफवून, माहुलीच्या वेलाच्या सालीने विणलेल्या पिशवीत भरून, बुंध्याजवळ दोन ओंडक्यांमध्ये ठेवायचा. आणि मोकळ्या टोकाकडे बायांनी वरच्या ओंडक्यावर ओळीने बसायचं. बायांच्या भाराने पिशवी दबायची आणि पन्हळीतून तेल गाडग्यात उतरायचं. यंत्र म्हणून काही नाही. बायाच यंत्र.

टोकावर बसते तिचा भार सगळ्यात जास्त लागतो. म्हणून टोकाची जागा गावातल्या सगळ्यात वजनदार बाईची. तेल निघू लागलं की सोमीबाई त्यात बोट बुडवायची आणि पहिलं बोट टोकावरच्या बाईच्या कपाळाला लावायची, मग बाकीच्यांच्या. नंतर त्या बाईला गूळ. ओळीत बसलेल्या बाया गाणी म्हणायच्या, सुपारी-तंबाखूचा खर्रा चघळायच्या, कुणाच्या सुनेचं, कुणाच्या कोंबडीचं काढायच्या, आणि सोमीबाईने हाक दिली की एकदम अंग सैल सोडून भार द्यायच्या, दुसरी हाक दिली की पाय टेकून थोडं उठायच्या. मी आल्यापासून एकदाही त्या ओंडक्यावर बसले नव्हते. ‘‘हे बसली काय अन् पाखरू बसलं काय,’’ असं कुणीतरी म्हणालं होतं आणि सगळ्या हसल्या होत्या. माझी जागा चुलीपाशी. मडक्यात पाणी उकळायचं, त्याच्या तोंडावर भुग्याची टोपली, फटीला शेणमाती, आणि वाफ बरोबर बसली का ते बघत राहायचं. भुगा मुठीत दाबला आणि बोटांच्या सांध्यांत तेल चमकलं की उतरवायचा. मावशी माझ्याशेजारी बसायची. धुराने दोघींच्या डोळ्यांतून पाणी.

निरू आली त्या वर्षी पहिल्यांदा लाकूड लावलं तेव्हा सोमीबाईने तिला वरून खालपर्यंत न्याहाळलं आणि बाकीच्या बायांना हाताने सरकवलं. निरू टोकावर बसली. ओंडका कुरकुरला. पन्हळीतून तेलाची धार अशी आली की बाया ओरडल्याच. ‘‘बाप्पा! हे पोट्टी आहे का हत्तीण?’’ निरू हसून लोटपोट. सोमीबाईने पहिलं बोट तिच्या कपाळाला लावलं. पिवळं तेल तिच्या भुवईपर्यंत ओघळलं आणि उन्हात चकाकलं. मावशी माझ्याजवळ बसून खालच्या आवाजात काहीतरी सांगत होती. ती चुलीपाशी नेहमी काही ना काही बोलायची, हळू, चुलीकडे बघत. मी ‘हो’, ‘हो’ करत होते. माझं सगळं लक्ष त्या ओघळाकडे. तेवढ्यात टोकावरून निरूने हाक मारली, ‘‘काय बोलून राह्यल्या व तुम्ही दोघी? मोठ्यानं बोला की! मले ऐकू नाई येत!’’ मावशी म्हणाली, ‘‘काई नाई, असंच.’’ मला राग आला. टोकाची जागा हिची, पहिलं बोट हिचं, गूळ हिचा, आणि वर आमचं बोलणंही पाहिजे. त्यानंतर दर खेपेला ती तसंच ओरडायची आणि दर खेपेला मला तसाच राग यायचा.

मी वजन वाढवायच्या मागे लागले. भीती बाजूला ठेवून जेवू लागले. भाताचा दुसरा ढीग मागून घेतला, रात्री भांड्यातलं खरवडलेलं खाल्लं, लपून कच्चं तेल प्यायले आणि दोन दिवस जुलाबाने आडवी झाले, होतं तेही वजन गेलं. निरू माझ्याशेजारी बसून ताक पाजत होती. ‘‘काऊन पेली व तेल? मले सांगायचं, मी भजे तळून देल्ले असते,’’ म्हणून खिदळत होती. तिचा चांगुलपणा मला सोसवेना. ती दुष्ट असती तर किती बरं झालं असतं.

पोळा जवळ आला होता. धानोऱ्याच्या शाळेतल्या एक मॅडम मावशीच्या ओळखीच्या होत्या, मूळच्या साताऱ्याकडच्या. त्यांची तिकडे बदली झाली. पदरात लहान मूल. एक दिवस त्या घरी आल्या, पडवीत बसून चहा घेतला आणि मावशीला म्हणाल्या, ‘‘यातली एक मुलगी माझ्याबरोबर द्याल का? माझ्या घरच्यासारखी राहील.’’ पोळा होऊ द्या, कळवते, एवढंच मावशी म्हणाली. कोणती, ते बोललीच नाही. तिला बोलायची गरजही नव्हती. मला वाटलं, जी कामाची ती राहील, जी बिनकामाची ती जाईल. आणि कामाची कोण, हे लाकडावर ठरतं.

पोळ्याच्या आदल्या आठवड्यात शेवटचं लाकूड लागणार होतं. वड्यांना तेल हवं म्हणून गावातल्या चार घरांचा भुगा एकत्र. मी सकाळी नाल्यावर गेले, चांगले वजनदार गोटे निवडले, ओढणीत बांधले आणि ती ओढणी कमरेला घट्ट गुंडाळली. वरून मावशीचं जुनं, ढगळ पोलकं. चालताना गोटे एकमेकांवर घासून वाजायचे म्हणून मध्ये पळसाची पानं घातली. आज हसू येतं, पण त्या वेळी मला तो अगदी पक्का उपाय वाटला होता. मॅडमना होकार द्यायच्या आधी मावशीने मला एकदा टोकावर बसलेली बघितलं पाहिजे, बस.

वाफवणं झालं. पिशवी भरून लागली. बाया ओळीने बसल्या. निरू नेहमीप्रमाणे उशिरा येत होती, पाण्याची घागर घेऊन. मी चुलीपासून उठले, सरळ टोकाला गेले आणि बसले. लाकडावर कसं बसतात ते मी इतके दिवस दुरून बघितलं होतं, पण दुरून दिसतं ते सगळं नसतं. भार हळू द्यायचा असतो. आधी मांड्या, मग पाठ, मग हाकेबरोबर थोडं थोडं. गरम भुगा पिशवीत फुगलेला असतो, तो एकदम दाबला तर वाट मिळेल तिकडे धावतो. मी गोट्यांसकट धप्पकन बसले. पिशवीची वीण उसवली आणि वाफाळलेला भुगा फुस्सकन बाहेर येऊन सोमीबाईच्या अंगणात, चिंचेच्या बुंध्यावर, मातीत, सगळीकडे. बाया ओरडत उठल्या, सगळ्या एकदम. ओंडका उसळला. मी खाली आले, ओढणीची गाठ सुटली आणि नाल्याचे गोटे घरंगळत सोमीबाईच्या पायाशी जाऊन थांबले.

बाया वाकून गोट्यांकडे बघायला लागल्या. मग निरू, घागर डोक्यावर, फाटकातून आत आली. गोट्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. ‘‘माय व! काडीनं अंडे देल्ले!’’ आणि अंगण हसण्याने फुटलं. सोमीबाईसुद्धा हसली, तिचे सगळे पडलेले दात दिसले. हसली नाही ती मावशी. ती माझ्याजवळ आली, एकेक गोटा उचलला, अंगावर कुठे भाजलंय का बघितलं. मग म्हणाली, ‘‘दगडानं काम झालं असतं तर सोमीबाईनं दगडच नसते ठेवले का व लाकडावर? दगडाले ऊठ म्हटलं तर उठते का?’’ मी रडत होते. ‘‘मले नको पाठवू,’’ एवढंच म्हणत होते. ‘‘मी जड होईन. मले इथीच ठेव.’’ निरूने घागर खाली ठेवली आणि मातीतला भुगा ओंजळीने गोळा करायला लागली, न हसता. तेलाला तो आता उपयोगाचा नव्हता. तेल निघाल्यावर उरलेली ढेप धुरी द्यायला, साप दूर ठेवायला कामी येते, तिच्या टोपलीत तिने तो भरला.

पोळ्याला वडे झाले. दुसऱ्या एका घरचं तेल घेऊन मावशीने ते कढवलं, कडूपणा उतरावा म्हणून त्यात चिंचेचं बुटुक आणि भाकरीचा तुकडा सोडला, तुकडा काळा पडल्यावर काढून टाकला. बैलांना नैवेद्य दाखवून झाल्यावर तिने मला परसात बोलावलं. ‘‘मॅडमसंग तू जाजो,’’ म्हणाली. मला ते माहीतच होतं. ‘‘हे पाय,’’ ती म्हणाली, ‘‘इथं धानाचा रोवणा आहे, जंगल आहे, लाकूड आहे. निरूचं अंग आहे तसं. तुह्या अंगात ते बळ नाई. इथी राह्यली तर वाळून मरशीन.’’ तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, परसात चूल पेटलीय, धूर असेल. आज इतकंच सांगते की तिने जे ठरवलं त्याने माझं आयुष्य उभं राहिलं. मॅडमनी मला घरच्यासारखंच ठेवलं, त्यांचं मूल माझ्या कडेवर वाढलं, त्यांनीच पुढे वसतिगृहात लावलं, माझं लग्नही त्यांनीच करून दिलं. त्या दोघींचे उपकार फिटायचे नाहीत. पण त्या संध्याकाळी मी फक्त एवढंच ऐकलं: निरू राहते, तू जा. वजन कमी पडलं.

निघताना मावशीने काचेच्या बाटलीत तेल दिलं. साताऱ्याच्या थंडीत ते तुपासारखं थिजलं. मॅडमच्या घरी शेंगदाण्याचं तेल. मी माझं तेल भाजीला वापरलं तर बाळ तोंड वाकडं करायचं. म्हणून मी ते फक्त केसांना लावायचे, आणि लावताना मला निरूच्या दाट केसांतून फिरणारा मावशीचा हात दिसायचा. पुढे दर वर्षी येणाऱ्या-जाणाऱ्याकडून बाटली यायची. मावशी गेली त्यानंतरही येत राहिली, निरूकडून. मावशी अंथरुणावर होती तेव्हा तिला भरवलं निरूने, शेवटचं पाणी निरूच्या हातचं. गावातून फोन आला तेव्हा मी रडले, आणि रडता रडता त्याचाही हेवा केला. इतकी खोटी मी नाही की हे लिहिणार नाही.

गेल्या वर्षी पोळ्याच्या आधी निरूचा फोन आला. ‘‘यंदा ये व. आता कोणी लाकूड लावत नाई. टोरी व्यापाऱ्याले देतात अन् दुकानातून पाम तेलाची पिशवी आणतात. मी मात्र एक खेप काढतो. सोमीबाईचा नातू लाकूड देते.’’ मी गेले. जायच्या आधी गॅस बंद आहे का ते शेजारणीला तीनदा बघायला लावलं, गाडीत पर्स छातीशी धरून जागी बसले, धानोऱ्याला उतरले तेव्हा पाय सुजलेले. गावी पोचले तर घराच्या फाटकात एक वाळकी म्हातारी उभी होती. गालांची हाडं वर आलेली, बांगड्या कोपरापर्यंत सरकणाऱ्या. मी तिला विचारणार होते, निरू कुठे आहे. ती हसली, तेव्हा कळलं.

‘‘शुगर झाली व मले,’’ ती म्हणाली. ‘‘सारी उतरली.’’ मग माझ्याभोवती फिरून बघितलं. ‘‘अन् तू! बाप्पा! साताऱ्यानं तर तुले भरून पाठवलं.’’ माझ्या दंडाला चिमटा काढला. मी लाजले आणि मनात इतकी खूश झाले की काय सांगू.

दुसऱ्या दिवशी लाकूड लागलं. चिंच म्हातारी झालेली, खालचा ओंडका एका कडेने कुजलेला. बाया थोड्याच, त्यातल्या दोघी मोबाइलवर बघत होत्या. निरूने मला हाताला धरून टोकाला नेलं. ‘‘बस. पण हळू बसजो. गोटे तर नाई ना आणले?’’ मी बसले. आधी मांड्या, मग पाठ. ओंडका माझ्याखाली कुरकुरला. पन्हळीत आधी ओल आली, मग थेंब, मग बारीक पिवळी धार. तो वास नाकात शिरला आणि घशाच्या मागे कडू झालं. निरूने गाडग्यात बोट बुडवलं, पहिलं माझ्या कपाळाला लावलं आणि तोंडात गुळाचा खडा कोंबला. तेल भुवईकडे ओघळलं. मी पुसलं नाही. इतकी वर्षं जिच्यासाठी जळले ती जागा ही. वारा छान होता. पाय मोकळे सोडले होते.

निरू पुढच्या खेपेचा भुगा वाफवायला चुलीपाशी जाऊन बसली. शेजारी तिची नात, माझ्यासारखीच काडी, डोळे चोळत. निरू तिच्याकडे झुकली आणि चुलीकडे बघत, हळू आवाजात काहीतरी सांगू लागली. मध्येच तिचे ओठ थांबायचे, नात मान हलवायची, पुन्हा ओठ हलायचे. दोघींची डोकी इतकी जवळ की धूर दोघींना मिळून एकच लागत होता. मी कान दिला. ओंडका लांब आहे. टोकापासून चूल दूर पडते, मध्ये बाया बोलतात, वरून चिंच सळसळते. एक शब्द येईना. मी आठवायला लागले, मावशी तेव्हा माझ्याशेजारी बसून काय बोलायची. दर खेपेला, सगळा वेळ, फक्त मला. एकही वाक्य आठवेना. मी ‘हो’, ‘हो’ म्हणत होते आणि बघत होते इकडे, आत्ता जिथे बसले होते तिथे.

‘‘निरू!’’ मी ओरडले. आवाज माझाच होता, पण ओळखीचा दुसऱ्याच कुणाचा तरी वाटला. ‘‘काय बोलून राह्यल्या व तुम्ही दोघी? मोठ्यानं बोला की. मले ऐकू नाई येत!’’

निरूने चुलीकडचं तोंड माझ्याकडे वळवलं. मग तिचा पदर तोंडाला गेला.

‘‘काई नाई,’’ ती म्हणाली. ‘‘असंच.’’